काकांनी स्पंज धुतला

वरच्या मजल्यावरच्या काकांनी आमच्या माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या साबणाने धुतला आणि आमच्याच घरात त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं. स्पंजचं एक वेळ सोडा. ते कौतुक अजून घशाखाली उतरत नाही.

प्रसंग काय, तर दोन फुटी टाकीतले मासे चार फुटी टाकीत हलवायचे होते. थोडे एंजल, थोडे कोरीडोरास आणि एक सकर. काम दिसायला जाळी-बादलीचं, पण आहे हिशेबाचं. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत काठोकाठ 255 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच अडीच क्विंटल. वर काच, वाळू, दगड, स्टँड. हे एकदा बसलं की कोणाच्या बापाला हलत नाही. म्हणून टाकी रिकामी असतानाच खाली थर्मोकोलची शीट घालायची, लेव्हल बघायची आणि मागे पाइप जाईल एवढी जागा सोडायची.

मग पाणी. इंदुरात नर्मदा नळाला एक दिवसाआड येते, जलूदहून घाट चढून, आणि येताना क्लोरीन घेऊन येते. साधं क्लोरीन असेल तर रात्रभर एअरस्टोन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, चालू ठेवला की उडून जातं. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर अडीचशे लिटरला पावणेदोन ग्रॅम पुरतं. दुकानदार सांगतात ‘चिमूटभर टाका’. चिमूट कोणाची, हे विचारलं की त्यांना राग येतो.

इतकं झाल्यावर काका आले. हातात पोह्यांची पुडी, वर शेव. आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली.

“काय करून राहिलास?”

“मासे हलवतोय, काका.”

“मग हलव ना. उचल टाकी अन् ओत तिकडे.”

भरलेली टाकी उचलली की काच वाकते आणि सिलिकॉनचे सांधे सुटतात, हे मी सांगितलं. काकांनी पोहे चावता चावता मान डोलावली. ती पटल्याची खूण नसते, पुढचा मुद्दा तयार असल्याची असते.

“माझ्या बहिणीकडे होती ना टाकी, उज्जैनला. ते लोक काहीएक करायचे नाहीत.”

“मग?”

“मेले मासे. पण जगले तोवर मजेत.”

मग टाकी ईशान्येला आहे ना, ही चौकशी झाली. प्लगपॉइंट नैर्ऋत्येला आहे, म्हटलं. त्यावर ‘पॉइंट काढून घे’ असा उपाय मिळाला. मासे आदल्या दिवसापासून उपाशी आहेत हे कळल्यावर तर ते खुर्चीतून उठलेच. पोट रिकामं असलं की मासे बादलीत घाण कमी करतात आणि तेवढ्या थोड्या पाण्यात त्या घाणीचा विषारी अमोनिया चढत नाही. पण काकांनी झाकण सरकवून दोन शेवा आत सोडल्यासुद्धा.

“काका, लसणाची शेव आहे ती!”

“मग काय झालं? इंदूरचेच मासे आहेत ना?”

शेव मी चमच्याने काढली. बादलीला झाकण हवंच, घाबरलेला मासा उडी मारतो. आणि ती बादली आयुष्यात कधी साबणाला शिवलेली नसावी. साबण हा शब्द इथे पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि तो काकांच्या समोरच, हे नमूद करून ठेवतो.

मासे पकडायच्या आधी दिवा बंद करायचा. हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच राहू द्यायचा, गरम असताना बाहेर काढला तर काच तडकते. दगड, झाडं काढायची आणि पाणी चार बोटं उरेपर्यंत उपसायचं, म्हणजे पाठलाग करावा लागत नाही. वाळूला मात्र मासे बाहेर निघेपर्यंत हात लावायचा नाही. वाळूखाली साचलेला गाळ ढवळला गेला की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो आणि तो माशांना विष आहे. सकरला जाळीने धरूच नये, मग्ग्याने घ्यावा. त्याच्या कल्ल्याजवळच्या परांचा काटा जाळीच्या धाग्यात असा रुततो, की ओढलं तर पर फाटतो. तेव्हा ओली जाळी पाण्यात धरून एकेक धागा कात्रीने कापायचा, मासा नाही, जाळी.

आमच्या सकरने मग्ग्यातून थेट जाळीत उडी घेतली, त्यामुळे मी कात्री घेऊन तेच करत बसलो होतो. काका तेवढा वेळ माझ्या पाठीमागे मोकळे होते.

त्याआधी त्यांचं एक लाडकं तत्त्व सांगून झालं होतं: “जुनं पाणी टाकू नकोस रे, माशांना सवय असते त्याची.” यात थोडं तथ्य आहे. जुन्या टाकीचा पीएच हळूहळू उतरलेला असतो, म्हणजे पाणी थोडं आम्लाकडे झुकलेलं असतं, आणि तिथे अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. तोच मासा एकदम चढ्या पीएचमध्ये टाकला की धक्का बसतो. म्हणून बादलीत नव्या टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडायचं, नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-चार थेंब, तासभर. मग मासे उचलून टाकीत, बादलीतलं पाणी मोरीत. पण टाकीचा खरा ऐवज पाण्यात नसतोच. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, त्यातल्या पांढऱ्या सिरॅमिक रिंगांवर, वाळूवर चिकटून राहतात. नव्या टाकीत ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढं थांबायचं नसेल तर जुना स्पंज जसाच्या तसा, तपकिरी, चिकट, जुन्याच पाण्यात एअरस्टोन लावून ठेवायचा आणि नव्या फिल्टरमध्ये बसवायचा. मी तो तसाच ठेवला होता. छोट्या बादलीत, ओट्याखाली.

सकर सुटला, आणि काका स्वयंपाकघरातून आले. हात फेसाळ, चेहरा प्रसन्न.

“बघ,” म्हणाले, “मूळ रंग पिवळा होता ह्याचा. तुला माहीत तरी होतं का?”

मला बोलायचं होतं ते आईसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. आई म्हणाली, “अहो, तुम्ही होतात म्हणून. हा तर महिनोन्महिने तसाच काळा ठेवतो.” मी जिवाणूंबद्दल दोन वाक्यं बोललो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. 2017 पासून देशात स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात ‘ही घाण कामाची आहे’ असं म्हणणारा माणूस सुशिक्षित वाटत नाही. इथे आम्ही टिकली ओल्या कचऱ्यात टाकत नाही. साबण मुरलेला स्पंज पुन्हा टाकीत घालता येत नाही, तो फेकावाच लागतो. आणि तो ओल्यात की सुक्यात, यावर दुसऱ्या दिवशी काकांनी कचरागाडीवाल्याला थांबवून चर्चा केली. मागची गल्ली खोळंबली होती.

सिरॅमिक रिंगा वेगळ्या पिशवीत, जुन्या टाकीच्या तळाशी होत्या, म्हणून वाचल्या. पण निम्मं सैन्य गेलेलंच. आता मासे दिवसाआड जेवतात, तेही चिमटीभर (चिमूट माझी). रोज टेस्ट किटच्या नळ्या हलवायच्या. अमोनिया किंवा नायट्राइट लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमच्या वर दिसलं की तीस टक्के पाणी बदलायचं, त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं. नायट्राइटची नळी जांभळटच येते, तेव्हा दर दहा लिटरला 1 ग्रॅम साधं मीठ घातलंय. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणी बदललं की मीठही त्याच हिशेबाने पुन्हा, फक्त नव्या पाण्यापुरतं. म्हणजे तीस टक्के म्हणजे पंचाहत्तर लिटर, म्हणजे वीस लिटरच्या जवळजवळ चार बादल्या भरून उचलायच्या आणि तेवढ्याच उपसायच्या. कंबर माझी, नळ्यांचे पैसे माझे.

काका जिन्यावरून बघतात. “पुन्हा पाणी बदलतोस? फार घाण करतात रे तुझे मासे.”

काल जाता जाता थांबले आणि म्हणाले, ते आतले पांढरे दगडही काळे पडलेत, रविवारी मी मोकळाच आहे. फिल्टरच्या कपाटाला मी कुलूप लावलं आहे. किल्ली कुठे आहे ते आईलाही सांगितलेलं नाही.