कापडाचं बांधकाम टिकत नाही म्हणे!

‘कापड तंबूला ठीक. ते भार घेत नाही, आगीत खाक होतं, ऊन-पावसात दोन वर्षांत चिंध्या होतात. टिकाऊ बांधकामात कापड ही निव्वळ जाहिरातबाजी.’ हा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. एकेक दावा तपासू.

आधी भार. दाब पेलणं हे कापडाचं काम नाहीच, त्याची ताकद ताणात आहे. काँक्रीटचं नेमकं उलट: दाब सोसतं, ताण आला की तडकतं. म्हणून तर त्यात सळई घालतात. पण सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. ते टाळायला सळईवर काँक्रीटचं जाड कव्हर ठेवावं लागतं. कार्बनतंतूंच्या विणलेल्या जाळीला गंजाची भीती नाही. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कव्हर पुरतं, भिंत बारीक होते, सिमेंट वाचतं. जर्मनीत ड्रेस्डेनला २०२२ साली ‘क्यूब’ ही इमारत अशाच काँक्रीटची उभी राहिली. शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यालाही, कापड चालतं. २०१८ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या मंडळींनी मेक्सिको सिटीत तारांच्या जाळ्यासह विणलेलं कापड ताणलं आणि त्यावर पाच टनांहून जास्त काँक्रीटचं कवच चढवलं. कापडाचं वजन अवघं २५ किलो, तेही सुटकेसमधून नेलेलं. फळ्या आणि टेकू असे नेऊन दाखवा!

आग? पडदा पेटतो, कबूल. पण मोठ्या कायमस्वरूपी छतांना अनेकदा टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड असतं, आणि काच पेटत नाही.

दोन वर्षांत चिंध्या? अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाचं कापडी छत १९९५ पासून ऊन आणि बर्फ झेलतंय. मिनिअ‍ॅपोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं छत डिसेंबर २०१० मध्ये बर्फाने फाटलं, हेही खरं. पण ते आतल्या हवेच्या दाबावर तोललेलं होतं. डेन्व्हरचं छत खांब आणि केबलवर ताणलेलं आहे. दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत.

राहिली जाहिरातबाजी. इथे मात्र फिरत्या मजकुरात थोडं तथ्य आहे. कार्बनतंतू बनवायला प्रचंड ऊर्जा लागते. पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिस्टर जुनं झालं की दोन्ही थर वेगळे करणं जिकिरीचं, आणि शेवटी प्लास्टिक ते प्लास्टिकच. त्यावर ‘हरित’ शिक्का मारणाऱ्यांना जरूर जाब विचारावा. पण म्हणून जुन्या सुती कपड्यांपासून केलेलं उष्णतारोधक अस्तर कशाला मोडीत काढायचं? ते काचलोकरीच्या (काचतंतूंच्या अस्तराच्या) जवळपास उष्णता अडवतं आणि टाकाऊ कापूस कामी येतो. आग आणि कीड लागू नये म्हणून त्याला बोरॉनचे क्षार लावतात. भिंतीत ओल मात्र शिरू देता कामा नये.