फ्रँक मिलरच्या कॉमिक्सची ती यादी चुकीची आहे

अमेरिकी कॉमिक्स लेखक-चित्रकार फ्रँक मिलरच्या सर्वोत्तम आणि सर्वात वाईट कॉमिक्सची एक यादी सध्या ग्रुपवर फिरते आहे. तीत पहिल्या नंबरवर 'द किलिंग जोक' आहे आणि 'होली टेरर'ला 'त्याचं सर्वात वाईट बॅटमॅन' म्हटलंय. दोन्ही चूक.

'द किलिंग जोक' (१९८८) ॲलन मूरने लिहिलंय, चित्रं ब्रायन बोलंडची. मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' १९८६चं. दोन्ही काळोख्या बॅटमॅनकथा, काळही लागूनच, म्हणून गल्लत होते. दोन्ही पुस्तकांची श्रेयपानं उघडलीत की लेखक-चित्रकार वेगवेगळे दिसतात.

'होली टेरर' (२०११) बॅटमॅनसाठी सुरू झालं खरं, पण छापून आलं तेव्हा नायक होता 'द फिक्सर' आणि प्रकाशक बॅटमॅन छापणारी डीसी नव्हे, लेजेंडरी. मुसलमानांचं त्यातलं चित्रण एकसुरी आणि द्वेषाने भरलेलं आहे. त्याची पाठराखण होऊच शकत नाही. बॅटमॅनपुरती घसरण मोजायची, तर मिलरनेच लिहिलेलं 'ऑल स्टार बॅटमॅन अँड रॉबिन' धरा.

यादीत 'इयर वन'चं (बॅटमॅन, अंक ४०४ ते ४०७) सगळं श्रेय मिलरला दिलंय. चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची आहेत. सुरुवातीलाच पोलीस अधिकारी गॉर्डन रेल्वेने गॉथममध्ये (बॅटमॅनच्या शहरात) येतो, ब्रूस (म्हणजे पुढचा बॅटमॅन) विमानाने. एकाच शहराची दोन रूपं तिथेच दिसतात. याच जोडीचं 'बॉर्न अगेन' (डेअरडेव्हिल या दुसऱ्या सुपरहिरोची मालिका, अंक २२७ ते २३३) यादीत नाहीच, आणि आमच्या मते मिलरचं सर्वोत्तम लेखन तेच.

ती यादी कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.