‘माझा टी-थ्री लो आलाय, मग गोळी घेतली तर बिघडलं कुठे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण रागाच्या भरात काही लिहायचं नव्हतं म्हणून आज जिम बंद केल्यावर निवांत बसलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्टेरॉइडच्या सायकलमध्ये (मसलसाठी काही आठवडे घेतात तो कोर्स) टी-थ्रीच्या म्हणजे थायरॉईड हार्मोनच्या गोळ्या घालू नका असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी उगाच घाबरवतोय, थायरॉईड कायमचं बंद पडतं हे माझं वाक्य खोटं आहे, सायकलवर असताना टी-थ्री मसल खात नाही, वाडाच्या (खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) बंदी यादीत पण ते नाही, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये टी-थ्री टी-फोर ही थायरॉईडची दोन्ही हार्मोन लो आलेत तेव्हा तुम्ही घेताय ती फक्त भरपाई आहे.

पहिलं, कायमचं बंद पडतं हे मी चूक लिहिलं होतं. निरोगी माणसाने गोळी सोडली की मेंदूखालची पिट्युटरी साधारण काही आठवड्यांत परत टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, सोडायला लागते आणि ग्रंथी कामाला लागते, हे 1950च्या दशकापासून माहीत आहे. ते वाक्य मी लेखात दुरुस्त केलंय, तुम्ही दाखवलंत म्हणून मनापासून आभार. फक्त ते आठवडे सोपे नसतात हेही सांगतो. अंगात त्राण नाही, थंडी वाजते, वजन चढतं, आणि बहुतेक पोरं सायकल पण त्याच वेळी संपवतात म्हणजे टेस्टोस्टेरॉन पण तळाला गेलेलं असतं.

आता तुमचा रिपोर्ट. तुम्ही आकडे दिलेत ते बरं केलंत: टोटल टी-फोर 4.1, टीएसएच 1.6. तुमची नजर 4.1 वर अडकली कारण लॅबने तो ठळक छापलाय, माझी नजर पहिल्यांदा 1.6 वर गेली. थायरॉईड खरंच कमी पडत असतं तर पिट्युटरीने बोंब मारली असती आणि टीएसएच वर चढलं असतं, तुमचं नॉर्मलच्या मधोमध बसलंय. (पिट्युटरीच बिघडली तर टीएसएच फसवू शकतं, पण ते क्वचित, आणि ते ठरवणं डॉक्टरचं काम.) मग टोटल का पडलं? कारण रक्तातलं 99 टक्क्यांहून जास्त टी-फोर प्रथिनांना चिकटून फिरतं, त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे टीबीजी, ते लिव्हर बनवतं, आणि अँड्रोजेन म्हणजे तुमचं इंजेक्शन नेमकं तेच प्रथिन कमी करतं. आपल्या पणजी-बेती फेरीबोटीचं घ्या. बोटी कमी केल्या तर नदीत बोटीवर दिसणारी माणसं कमी होणारच, पण धक्क्यावर उतरून कामाला लागलेली माणसं तेवढीच राहतात. पेशींना कामाला येतं ते उतरलेलं, म्हणजे फ्री हार्मोन. टोटलमध्ये सगळ्यात जास्त मोजलं जातं ते बोटीवरचं. गरोदर बाईचं नेमकं उलटं होतं, इस्ट्रोजेनमुळे टीबीजी वाढतं आणि टोटल फुगलेलं दिसतं, म्हणून कोणी लगेच तिला थायरॉईड वाढलंय म्हणत नाही.

म्हणजे ज्या आकड्यावर बोट ठेवून तुम्ही टी-थ्री सुरू केलंत तो आकडा स्टेरॉइडनेच पाडलेला असणार, ग्रंथी आजारी आहे असं त्यावरून ठरत नाही. त्यात तुम्ही कटिंगवर, म्हणजे चरबी उतरवायच्या डाएटवर आहात. जेवण कापलं की शरीर टी-फोरचं टी-थ्री करणं स्वतःहून कमी करतं, खर्च वाचवायला, म्हणून टी-थ्री खाली. ही भरपाई नाहीये हो. चांगल्या चाललेल्या ग्रंथीच्या डोक्यावर बाहेरून हार्मोन ओतणं आहे, आणि मला हेच कळकळीने सांगायचंय, कारण या एका गैरसमजातून म्हापशापासून डिचोलीपर्यंत पोरं गोळ्या घेताना मी बघतोय आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असाच एक रिपोर्ट असतो.

मसलचं बोलू. टी-थ्री प्रथिन बनवणं पण वाढवतं आणि तोडणं पण, डोस गरजेपेक्षा वर गेला की तोडणं पुढे जातं. स्टेरॉइड त्या तोडण्याला काही प्रमाणात आवर घालतं हे मी मान्य करतो, म्हणूनच ही जोडी जिममध्ये चालते. पण ते आवरतं ते मांडीच्या आणि छातीच्या मसलचं. हृदयाचं काय? स्टेरॉइडने डाव्या बाजूची भिंत जाड होते, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, रक्त घट्ट होतं. अशा हृदयाला टी-थ्री वर जोरात पळवतं, झोपेत सुद्धा, आणि त्यातून एट्रियल फिब्रिलेशन होऊ शकतं, म्हणजे वरचे कप्पे ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरतात आणि आत गुठळी धरते. तुम्ही स्क्वॉट वाढला म्हणून लिहिलंत, झोपेतून उठल्यावर पल्स किती असते ते लिहिलं नाहीत.

वाडाचं एका वाक्यात: वाडाच्या यादीत नाही म्हणजे निरोगी माणसाला सुरक्षित आहे असं होत नाही. अमेरिकेत तर थायरॉईडच्या टी-फोर गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापतात की वजन कमी करायला वापरू नका, रोजच्या गरजेएवढ्या डोसने थायरॉईड नॉर्मल असलेल्या माणसाचं वजन उतरत नाही आणि मोठ्या डोसने जिवावर बेतू शकतं.

मी घाबरवतो का? दोन वर्षांमागे माझ्याकडे एक पोरगा यायचा, चोवीस-पंचविशीचा, डेडलिफ्ट जबरदस्त. एक दिवस असाच रिपोर्ट घेऊन आला, सर हे बघा माझं थायरॉईड डाऊन आहे. कागद त्याच्या हातात आणि मी वाचायचा प्रयत्न करतोय तर अक्षरंच दिसेनात, कागदाची कड सारखी फडफडत होती. पंखा बंद होता. मी म्हटलं हात पुढे कर, बोटं ताण, आणि कागद बोटांवर ठेवला. कागद थांबेचना. तळहात ओलेचिंब, पल्स बसल्या जागी 118. तेव्हा मला टीबीजी वगैरे काही माहीत नव्हतं, मी फक्त गोळी बंद कर आणि डॉक्टरला दाखव एवढंच बोललो, आणि तेवढं पुरलं नाही.

दोन दिवसांनी शनिवारी लेग डे केला, घरी जाऊन बिर्याणी हाणली, झोपला. पहाटे मूतायला उठायचं तर पायच उचलेनात. शुद्ध होती, बोलत होता, मांड्या मात्र दगडासारख्या पडलेल्या. भावाने उचलून गाडीत घातला आणि गाडी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला. पोटॅशियम अगदी खाली गेलेलं. थायरॉईड हार्मोन जास्त झालं की हे होऊ शकतं, आपल्या आशियाई तरुण पुरुषांत जास्त दिसतं, आणि ट्रिगर तर बघा: जोरदार व्यायामानंतरची विश्रांती आणि भरपेट भात-गोड. पोटॅशियम शरीरातून गेलेलं नसतं, रक्तातून पेशींत पळालेलं असतं, म्हणून घरी नारळपाणी आणि केळी देत बसायचं नाही, मॉनिटरवर हृदय बघत डॉक्टरच देतात, कारण ते परत बाहेर आलं की उलटा धोका. आधी त्याने गोळ्यांचं सांगितलं नाही, आई शेजारी उभी होती. डॉक्टर ग्रेव्हजच्या, म्हणजे ग्रंथी स्वतःच जास्त हार्मोन बनवते त्या आजाराच्या दिशेने विचार करत होते. मग थायरोग्लोब्युलिन (ग्रंथी हार्मोन बनवते तेव्हा तिच्यातून रक्तात येणारं प्रथिन) अगदी कमी आलं, म्हणजे हार्मोन त्याची ग्रंथी बनवतच नव्हती, आणि तेव्हा तो रडला आणि सगळं बोलला. ग्रंथी आवरायची नेहमीची औषधं अशा वेळी काही करत नाहीत, हार्मोन बाहेरून येत असतं ना. पोरगा वाचला, आज बरा आहे. त्याच्या परवानगीने लिहितोय.

तुमचा राग मी समजू शकतो, तुम्ही दोन वर्षं मेहनत घेतलीय आणि कोणीतरी येऊन सांगतो की पाया चुकलाय. पण एवढं कराच. टीएसएच सोबत फ्री टी-फोर आणि फ्री टी-थ्री करा, टोटल नको. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, ते बऱ्याच लॅबच्या टेस्टला फसवतं. टी-थ्री चालू असताना टीएसएच दबलेलंच दिसणार, टी-फोर पण खाली दिसणार, त्याला घाबरून डोस वाढवू नका. ईसीजी आणि जमलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आणि एंडोक्रिनॉलॉजिस्टसमोर (हार्मोनचे डॉक्टर) टेबलावर सगळ्या बाटल्या आणि स्ट्रिप्स ठेवा, इंजेक्शनसकट. ते पोलिसांना फोन करत नाहीत. छातीत फडफड, चक्कर किंवा पाय जड वाटले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रात्री सुद्धा सरळ कॅज्युअल्टीला जा.

सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, पल्स मोजा आणि इथेच खाली लिहा. नवीन रिपोर्ट आला की तोही टाका, नाव-पत्ता खोडून. आपण दोघे बसून वाचू, माझं जिथे चुकत असेल तिथे पुन्हा सांगा.