अकरा मतं आणि एक जीप

परवा भाचीचा फोन आला. बीए दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याच तालुक्याच्या कॉलेजात. "आत्या, मी सीआर झाली!" मी विचारलं, निवडणूक कधी झाली गं? तर म्हणे, "निवडणूक कायची? वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी बनवला, तं सरांनी मलेच सीआर करून टाकलं."

मीही सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, होते. 2003 साल, बीएस्सी दुसरं वर्ष. आदल्या वर्षी वर्गात पहिली आले म्हणून नोटीस बोर्डावर नाव लागलं. मला कोणी विचारलं नाही, वर्गालाही नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं रीतच तशी ठरवली होती: मार्कांवर वर्गप्रतिनिधी, काही प्राचार्यांनी नेमलेले, आणि या सगळ्यांनी आपल्यातूनच एक सचिव निवडायचा. त्याला आम्ही यूआर म्हणायचो. बाराशे पोरांचं कॉलेज, मतं अकरा.

अकरा मतं म्हणजे एका जीपचं काम. चार मुलं होती, ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला "फिरायला" गेली. एका उमेदवाराचा मामा ठेकेदार होता, जीप त्याची. मतदानाच्या सकाळीच ती कॉलेजच्या गेटवर उतरली, डोळे तांबारलेले, चौघांच्या अंगात सारखेच टी-शर्ट. (पुढे चौघांतल्या एकानं मतदानात दगा दिला. टी-शर्ट मात्र वर्षभर घालून फिरला.)

उरलेल्या सात आम्ही मुली. मुलींना जीपमध्ये कसं कोंबणार? मग जीपवाले घरोघर फिरले. आमच्याकडे आले तेव्हा बाबा वावरातून येऊन पाय धूत होते. "काका, ताईले सोमवारी कॉलेजात नका धाडू. भांडणं होतीन, पोरीची जात हाय." संध्याकाळी दुसरी पार्टी हजर. "आमी ताईले गाडीनं नेतो, गाडीनं आणतो, तुमी काई टेन्शन घेऊ नका." बाबांनी दोघांनाही चहा पाजला. रात्री मला म्हणाले, "बाई, तू सोमवारी घरीच राय." आई तूर निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

सोमवारी सातपैकी एकच मुलगी मतदानाला गेली, तीही भावाला सोबत घेऊन. पाच मतं पडली, तीन विरुद्ध दोन. बाराशे पोरांचा यूआर तीन मतांवर झाला. पोस्टर लागलं नाही, सभा झाली नाही, घोषणा नाही की काच फुटली नाही. कॉलेजात शांतता होती असंच सगळे म्हणाले.

मला त्या वर्षी एकच गोष्ट मांडायची होती. मुलींच्या कॉमनरूमच्या संडासाला कडी नव्हती. पण आम्हा वर्गप्रतिनिधींच्या विद्यार्थी परिषदेची बैठक काही झाली नाही. फेब्रुवारीत शिपाई रजिस्टर घेऊन आला, चार ठिकाणी सह्या घेऊन गेला. म्हणजे चार बैठका झाल्या.

थेट निवडणुका का बंद झाल्या ते मला माहीत आहे. 1989 साली मुंबईत कॉलेजच्या निवडणुकीच्या वादात ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला. ती भीती खोटी नव्हती. पण त्याच 1989 मध्ये देशातल्या अठरा वर्षांच्या पोरांनी पहिल्यांदा लोकसभेला मत दिलं. दिल्लीचं सरकार निवडायला चालतात, वर्गाचा प्रतिनिधी निवडायला नाही? आणि मारामारी थांबावी म्हणून मतंच कमी केली. आवक कमी झाली की भाव चढतो, हे कापूस विकणाऱ्याच्या पोरीला कोणी शिकवावं लागत नाही. बाराशे मतं विकत घ्यायला मामाच्या दहा जीपा पुरल्या नसत्या.

2016 च्या नव्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणूक परत आली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक आरक्षित जागा, सगळं लिहिलेलं आहे. त्याआधीच, 2006 मध्ये, विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं उमेदवाराचा खर्च पाच हजारांवर नेऊ नका, छापील पोस्टर नको, हातानं लिहा असं सांगून ठेवलं होतं. 2019 ला आता होतेच असं वाटलं, तर विधानसभा आडवी आली. मग कोरोना. मग काय आडवं आलं ते कोणी सांगत नाही.

आमच्या ओळखीचे एक सर म्हणतात, मॅडम, पोरं जातीवर मतं देतील, पक्ष घुसतील. सर, गेटवर "युवा नेते" यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ते कोण लावतं? गॅदरिंगला मधल्या खुर्चीवर कोण बसतं? पक्ष आत आहेतच, फक्त पोरांना मत नाही. जातीचं म्हणाल तर ते खरं आहे, आमच्या ग्रामपंचायतीतही तेच होतं. म्हणून कोणी ग्रामपंचायत मार्कांवर नेमत नाही. आणि संस्थाचालकांची भीती पोरांच्या भांडणाची कमी, हिशोब विचारणाऱ्या पोराची जास्त, हे माझं मत. राग आला तर येऊ द्या.

एक शंका मलाही आहे. थेट निवडणुकीतही आमच्याकडच्या मुलींना घरी बसवतीलच. पण सहा घरी जाऊन चहा पिणं वेगळं आणि सहाशे घरी वेगळं.

फोन ठेवता ठेवता भाचीला विचारलं, कॉमनरूमला कडी बसली का गं?

"हाय ना आत्या. सगळी कॉमनरूमच नवी बांधली, निधीतून. दारावर मोठी पाटी हाय. फक्त नळाले पाणी नाई येत. कोणाले सांगावं तेच समजत नाई, पाटीवर तं चार नावं हायेत."