कोयत्याला दिवस गेले तर

ताई, सगळ्यात आधी अभिनंदन. दिवस गेल्याचं सासूला सांगा, आशाताईंना सांगा, पण त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर. दसरा झाला की तुमचा ट्रक बेळगाव-बागलकोटकडे निघणार, आणि सरकारचे पैसे मात्र गावात, अंगणवाडीच्या दारात तुमची वाट बघत बसणार. तेव्हा मूल कधी व्हावं हे देवावर सोडून चालणार नाही.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५,००० रुपये मिळतात. ३,००० आधी, २,००० नंतर. पहिल्या हप्त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांत गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी. दुसऱ्यासाठी बाळाची जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी, जी १४ आठवड्यांची होईपर्यंत चालते. आता उलटं मोजत या. दसऱ्याआधी लसी उरकायच्या तर जूनमध्ये बाळंत व्हायला हवं. जूनमध्ये बाळंत व्हायचं तर शेवटची पाळी सप्टेंबरातली. म्हणजे ट्रकमध्ये चढताना तुमचं तुम्हालाही धड कळलेलं नसणार. नोंदीची मुदत मार्चात संपते आणि पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्चअखेर, नाहीतर एप्रिलात. म्हणून देवाला नवस बोला, यंदा ऊस कमी पडू दे. मजुरी बुडेल, पण ३,००० येतील. सगळंच कसं मिळेल?

कुणीतरी शहाणा म्हणेल, नोंद तिकडंच करा की. करा. उसाच्या फडापासून दवाखाना किती लांब हे विचारू नका, खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, विचारा. कोयता म्हणजे जोडपं. तुम्ही तपासणीला गेलात की तुमचा अर्धा कोयता रिकामा. उरलेला अर्धा ऊस तोडेल, पण मोळ्या कोण बांधणार, गाडी कोण भरणार? मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, खाडा मांडतो आणि तो उचलीत, म्हणजे आधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, चढतो. तिकडच्या नर्सबाई प्रेमानं विचारतील, "एष्टु तिंगळु?" तुम्ही नवऱ्याचं नाव सांगाल. त्यांनी विचारलेलं असतं, कितवा महिना. मग हातात ‘तायी कार्ड’, म्हणजे तिकडचं माता कार्ड, पडेल, कानडीत. ते गावाकडच्या सेविकाताईंना दाखवाल तेव्हा त्या कार्ड उलटं धरतील, सुलटं धरतील आणि म्हणतील, "साहेबांना विचारते."

कागद जपा. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कपाट नसतं. आधार, पासबुक, माता-बाल कार्ड सगळं खताच्या पिशवीत गुंडाळून सुतळीनं वर बांबूला टांगा. मी पाहिलेल्या एका पिशवीत उंदरानं नेमका पासबुकावरचा खाते क्रमांक खाल्ला होता. बाकी पान शाबूत. त्यालाही काय खायचं ते बरोबर कळलं.

आता रजा. मूळ कायदा १९६१ सालचा, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. मुख्य अट, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम. तुमचे तर एका हंगामात त्याच्या दुप्पट भरतात. तेव्हा बिनधास्त अर्ज करा. फक्त कुणाच्या नावे करायचा ते ठरवून घ्या. कारखाना म्हणेल, ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणेल, मी उचल हिच्या नवऱ्याला दिली, अंगठा त्याचा. राहिला नवरा. त्याच्याकडं २६ आठवडे मागून बघा. तो चांगला असेल तर दोन दिवस एकट्यानं तोडेल आणि तिसऱ्या दिवशी कोपीच्या दारात नुसता उभा राहील. काही बोलणार नाही. तुम्हीच उठाल.

कळा फडातच सुरू झाल्या तर घाबरायचं नाही. जन्म जिथं होतो तिथंच नोंदवायचा, २१ दिवसांत, हे नियमात अगदी स्वच्छ लिहिलंय. पण पंधराव्या दिवशी टोळी दुसऱ्या गावच्या फडावर हलली तर? मग उशीर, शुल्क, परवानगी. त्यासाठी परत तिकडं जा, म्हणजे परत खाडा. गावाकडं येऊन "इथंच झालं" असं मात्र सांगू नका. सरकारला खोटं आवडत नाही.

या सगळ्या कटकटीवर आपल्या जिल्ह्यानं एक उपाय शोधलेला आहेच. दोन लेकरं झाली की गर्भपिशवी काढून टाकायची. पाळी नाही, कळा नाहीत, खाडा नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आकडे आले, ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्याही आत. मी या उपायाची शिफारस करत नाही. शिफारस करायला डॉक्टर आहेत.

समजा बाळ फडातच झालं, पण बाकी सगळं जमलं. उंदीर उपाशी राहिला, जन्मदाखलाही मिळाला. त्यावर कानडी मजकूर असेल. गावात कानडी वाचता येणारा माणूस एकच, मुकादम. त्याच्याकडं घेऊन जा. तो वाचून दाखवील, बाळाच्या हातावर दहाची नोट ठेवील आणि पुढच्या हंगामाची उचल किती हवी ते विचारील. दाखला मात्र आठवणीनं परत मागा, नाहीतर उचलीच्या कागदाबरोबर तोही त्याच्याच खिशात जायचा.