बाजारापुरतं कानडी

माझी पाळी ४९व्या वर्षी गेली. सलग बारा महिने आली नाही की मगच ती गेली म्हणायचं, हेसुद्धा मला फार उशिरा कळलं. त्यानंतर जे सुरू झालं ते चार वर्षं मी कुणापाशी बोलले नाही. जवळ यायची वेळ आली की आग व्हायची, अंग आखडून जायचं. ह्यांना वाटलं, आता मी हिला नकोसा झालो. ते बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपायला लागले. मला वाटलं, मीच नकोशी झाले. मधे एक भिंत आणि दोन्हीकडे तोच गैरसमज.

शेवटी धीर करून एका डॉक्टरांकडे गेले. कागदावरून मान वर न करता ते म्हणाले, "वयस्सायतल्ला अम्मा." वय झालं की आता. पुढे मी काही बोललेच नाही.

मला कानडी येतं. जन्म खानापूर तालुक्यातला, सासर बेळगावच्या वडगावात, न येऊन कसं चालेल? पण ते शहापुरात भाजी घेण्यापुरतं, कंडक्टरकडे सुट्टे मागण्यापुरतं. अंथरुणात काय दुखतं ते सांगण्यापुरतं नाही. घरी परतताना रिक्षात वाटलं, समोरचे डॉक्टर मराठी असते तरी मी कोणत्या शब्दांत सांगितलं असतं?

कोल्हापूरच्या भाचीने एका समुपदेशक मॅडमशी व्हिडिओ कॉल जोडून दिला. स्वयंपाकघराचं दार लावून, गॅस बंद करून बसले. मॅडमनी विचारलं, "तुम्ही दोघं त्याला काय म्हणता?" तीस वर्षांच्या संसारात आम्ही त्याला काही म्हटलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "तसलं." त्या हसल्या नाहीत. तोच शब्द घेऊन पुढे बोलत राहिल्या.

त्यांनी आधी मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. त्यावर क्रीम असतं, जेल असतं. नुसतं बोलून कोरडेपणा जात नाही. (आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर आधी डॉक्टर गाठा. "उष्णता झाली" म्हणून घरी बसू नका.) पण क्रीमने आग थांबली तरी भीती राहते. मागच्या वेळी दुखलं होतं म्हणून अंग आधीच आवळतं, आवळलं की जास्त दुखतं. बोलण्याचा उपचार इथे कामाला येतो.

मॅडमनी वही घालायला लावली. त्या वेळी मनात जे येतं ते लिहायचं आणि पुढे लिहायचं, हे वाक्य कुणाचं? मी लिहिलं, "आता नातवंडं खेळवायचं वय." पुढे लिहिलं, सासूबाईंचं. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि मी अजून त्यांचं वाक्य माझं म्हणून वागवत होते.

मग दोघांना मिळून गृहपाठ. वीस मिनिटं फक्त स्पर्श. हात, पाठ, पाय. त्यापुढे जायचं नाही हा नियम. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७०च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. पुढे काही होणारच नाही म्हटल्यावर अंग सैल पडतं. पहिल्या रात्री ह्यांनी माझ्या टाचेवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्या भेगा कधीपासून गं?" मला रडू आलं. त्यांनी उठून खोबरेल तेल आणलं.

कॅनडात संशोधकांनी अशा तक्रारी असलेल्या बायकांच्या छोट्या गटासोबत बोलण्याच्या उपचाराच्या केवळ चार बैठका घेतल्या. इच्छा, स्वतःच्या शरीराबद्दलची भावना, नात्यातलं समाधान, सगळ्यात फरक पडला. आपल्याकडे साधारण ४६-४७व्या वर्षी पाळी जाते. पुढची पंचवीस-तीस वर्षं बाईने भिंतीकडे तोंड करून का काढायची?

१९५६ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आपण इथे मराठीसाठी झगडतोय. पाटी मराठीत हवी, परिपत्रक मराठीत हवं. मीही मोर्चात चालले आहे, पुढेही चालेन. पण दवाखान्यात आपल्या बाईला मनातलं मराठीत सांगता यावं, ही मागणी मी एकदाही ऐकली नाही. धारवाडला डिमहान्ससारखी मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. तिथपर्यंत पोचलेल्या येळ्ळूरच्या, निपाणीच्या बाईला दुभाषा म्हणून स्वतःच्या मुलाला उभं करावं लागलं, तर ती काय सांगणार? र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून स्त्री-पुरुष संबंधांच्या याच विषयावर मराठीत लिहिलं, त्यासाठी खटले सोसले. ते शब्द मराठीत आहेत. आपल्या घरांपर्यंत आले नाहीत एवढंच.

परवा माझ्या जाऊबाई पिशवी काढायचं ठरवून आल्या होत्या, त्रास नेमका काय ते डॉक्टरांना न सांगताच. मी त्यांच्यासमोर वही ठेवली. त्यांनी दोन पानं वाचली आणि दार लावून घेतलं.

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी भागात मराठीतून हे काम करणाऱ्या समुपदेशक कुणाच्या माहितीत असतील तर कमेंटमध्ये सांगा. नाव उघड नको असेल तर मला इनबॉक्स करा. मी यादी करते आहे.