बुरशी झटकली म्हणजे विष गेलं?

पावसात भिजलेल्या मक्याबद्दल एक मेसेज सिल्लोड-कन्नडपासून भूम-परंड्यापर्यंत दूधवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे, बुरशी आलेला मका उन्हात टाका, झटका आणि भरडून जनावराला घाला. उरलंसुरलं विष दूध उकळल्यावर मरतं. शंका असेलच तर जांभळी (यूव्ही) बॅटरी मारा. चमकलं नाही तर माल चांगला.

उन्हानं ओल जाते, एवढं खरं. मका वाळवूनच ठेवायला हवा. पण बुरशीनं एकदा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडलं की ते दाण्यात मुरतं. हिरवट भुकटी झटकली तरी ते जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या बांसवाडा-पंचमहाल भागात असाच भिजलेला मका लोकांनी खाल्ला. यकृत निकामी होऊन शंभरावर माणसं दगावली.

उकळीचं तर विचारूच नका. हे विष मोडायला दोनशे अंशांच्या वर उष्णता लागते, दूध शंभरच्या आसपास उकळतं. म्हशीच्या आंबोणातल्या बी१ चा, म्हणजे अफ्लाटॉक्सिनच्या एका प्रकाराचा, काही भाग पोटात गेल्यावर एम१ हा दुसरा प्रकार होऊन दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच लेकरं पितात.

बॅटरीत जे हिरवट-पिवळं चमकतं ते अफ्लाटॉक्सिन नसतंच. त्याच बुरशीनं सोडलेल्या कोजिक आम्लाची ती चमक. चमक नसतानाही विष असू शकतं.

लॅबच्या अहवालासाठी आठवडाभर थांबणं परवडत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठीच अफ्लाटॉक्सिन जागेवर तपासायची पट्टी आहे. दळलेला नमुना मिथेनॉल मिसळलेल्या पाण्यात हलवायचा, गाळायचा, पातळ करून पट्टीवर टाकायचा. पाच-दहा मिनिटांत कळतं. चूक होते ती नमुन्यात. बुरशी पोत्यात सगळीकडे सारखी नसते, एखाद्या कोपऱ्यात गड्डा धरते. आमच्या केंद्रावर एकानं पोत्याच्या तोंडाची मूठभर भरड आणली, पट्टी चांगली आली. तेच पोतं ताडपत्रीवर ओतलं, तर तळाशी मुठीएवढं काळपट ढेकूळ. वरचं, मधलं, तळाचं असं दहा-बारा ठिकाणचं घेऊन, एकत्र दळून पुन्हा लावली. दुसरी रेघ उमटलीच नाही.

इथं बरेच जण फसतात. या पट्टीवर दोन रेघा म्हणजे विष पट्टीच्या मर्यादेच्या आत, एकच म्हणजे वर. पशुखाद्यात बी१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा पट्टी त्याच मापाची आहे ना, ते डबीवर वाचून घ्या. एकच रेघ आली तर पोतं बाजूला काढा, नेमका आकडा लॅबकडून घ्या आणि तोवर त्यातलं ओंजळभरही दुभत्या जनावरापुढं टाकू नका.